महाराजांची तसबीर कुठं लावायची?



हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर भात झोडून झालेलं असेल, पेंढा रचलेला असेल आणि घरटी एकदोन पोरं कामाला खाली उतरलेली असतील. आम्ही तर आधीच उतरलेलो. सांगवीत एका खोलीत आम्ही सातजण राहतो. कोण भोसरीला जातो, कोण चाकणला, कोण अजून काम शोधतोय. याच खोलीत स्टेन्सिल कापतो आणि याच खोलीत मशीन फिरवतो, त्यामुळे शाईचे डाग तुमच्या अंकावर कमी आणि आमच्या चादरींवर जास्त पडतात. लोक विचारतात, आता कॉम्प्युटरचा जमाना आला, तुम्ही अजून सायक्लोस्टाईल का करता? मशीन फुकट मिळालंय, हे खरं कारण.

खोलीच्या भिंतीवर दोन तसबिरी आहेत. एक राघोजी भांगरे, दुसरे बिरसा मुंडा. डिसेंबरात आमच्यातल्या एकाने तिसरी आणली, अंबरसिंग महाराजांची. जुन्या पुस्तकातल्या फोटोवरून मोठी करून, फ्रेम करून. 30 जानेवारी 2012 ला शहाद्याच्या भूमुक्ती मेळाव्याला चाळीस वर्षं होतात, तेव्हा ही तसबीर लावून कार्यक्रम करावा असं त्याचं म्हणणं. त्यावरून भांडण झालं. साधं नाही, शेजारच्या काकूंनी दार वाजवेपर्यंत.

विरोध करणारा साथी म्हणाला, "राघोजीने सावकारांची नाकं कापली, फाशी गेला. बिरसा जेलात मेला. त्यांच्या रांगेत भजन म्हणणाऱ्याला कशाला बसवता? आपल्याला आता भजनं म्हणायची आहेत का?" दुसरा म्हणाला, "अहिंसा हे पोट भरलेल्यांचं काम आहे." तिसरा काहीच बोलला नाही, पण त्याला रात्रपाळी होती म्हणून.

भांडण त्या रात्री मिटलं नाही. नंतर आम्ही बसून जेवढं मिळालं तेवढं वाचलं, म्हाताऱ्या माणसांना विचारलं, आणि मग हे लिहायला घेतलं. या वेळचं संपादकीय म्हणजे आमच्या भांडणाचाच हिशोब आहे.

आधी माणूस कोण ते सांगतो, कारण आपल्या भीमाशंकरच्या पट्ट्यात हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. अंबरसिंग सुरतवंती हे शहादे तालुक्यातले भिल्ल. तेव्हा तो तालुका धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये आहे. भजनं म्हणायचे म्हणून लोक त्यांना महाराज म्हणायला लागले. भजन म्हटलं की आपल्याला वाटतं टाळ कुटायचे आणि घरी जायचं. त्या भागात तसं नव्हतं. त्यांच्या आधी तिकडेच गुला महाराज होऊन गेले, 1938 च्या सुमाराला. ते सांगायचे, अंघोळ करा, दारू सोडा, नीट राहा. एवढंच. पण एवढ्यासाठी हजारोंनी आदिवासी जमायला लागले तेव्हा दारूवाले आणि सावकार हबकले आणि सरकारही बिचकलं. दारू सोडलेला माणूस उधार घेत नाही आणि शुद्धीवर असलेला माणूस कशावर अंगठा देतोय ते विचारतो. अंबरसिंग महाराज त्याच वाटेने आले. सर्वोदयाच्या लोकांशी त्यांचा संबंध आला आणि आदिवासींच्या कामाला त्यांनी स्वतःला जुंपून घेतलं.

शहाद्याची जमीन तापीच्या खोऱ्यातली, काळी, सोन्यासारखी. रान तोडून ती कसायला आणली आदिवासींनीच. मग पैसेवाले आले, कर्ज आलं, दुष्काळात पायली दोन पायली धान्य आलं, आणि त्याबदल्यात कागद. माणसाने जमीन गहाण ठेवली असं तो समजायचा आणि कागदात ती विकलेली असायची. पुढे तोच माणूस आपल्याच रानात सालदार म्हणून राबायचा. सालदारकी म्हणजे काय हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना सांगायला नको. वर्षाचा करार, पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, आजारी पडला तर खाडा, पळाला तर मार. मोठ्या शेतकऱ्यांनी पीक राखायच्या नावाखाली स्वतःची माणसं ठेवली होती. पीक कमी आणि आदिवासी जास्त राखले जायचे.

1971 च्या मे महिन्यात पाटीलवाडीला गोळीबार झाला. पोलिसांनी नाही केला, मोठ्या शेतकऱ्यांच्या जमावाने केला. त्यात एक आदिवासी मारला गेला.

इथं आमच्या खोलीत पुन्हा वाद पेटला होता. आपला माणूस मारला गेला, मारणारे कोण हे सगळ्या तालुक्याला माहीत. आणि महाराज काय करतात? विरोध करणाऱ्या साथीने विचारलं, "अशा वेळी भजन?"

महाराजांनी आणि त्यांच्या साथींनी जे केलं ते आम्हाला वाचल्यावर समजलं आणि खरं सांगायचं तर आधी कंटाळवाणंच वाटलं. ही गोष्ट तालुक्याच्या बाहेर गेली पाहिजे म्हणून धडपड केली. ग्रामस्वराज्य समिती उभी राहिली. गावोगाव सभा झाल्या. मुंबई-पुण्याची शिकलेली पोरं मदतीला आली, त्यातले कुमार शिराळकरांसारखे काही पुढे जन्मभर तिकडेच राहिले. आणि 30 जानेवारी 1972 ला, गांधींच्या पुण्यतिथीला, शहाद्याला भूमुक्तीचा मेळावा भरला. ज्या बाजारपेठेत आदिवासी मान खाली घालून, रस्त्याच्या कडेने चालायचा, तिथं तो हजारोंच्या संख्येने रस्त्याच्या मधून चालला. गोळी चालून नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. घाबरायचं कारण होतं, आणि सूड घ्यायचंही होतं. दोन्हीपैकी काही केलं नाही.

मग सुरू झालं खरं काम. गावागावात तरुणांची मंडळं झाली. त्यांनी उतारे काढले, जुने फेरफार काढले. कुठला गट कुणाच्या नावावर होता, कधी गेला, कशावर गेला, अंगठा कुणाचा, साक्षीदार कोण. आणि मग सगळं गाव मिळून, दिवसाउजेडी, ज्याच्याकडे जमीन गेली त्याच्याच दारात. हा कागद, ही जमीन, ही आमची, परत दे. एकटा माणूस असता तर तुडवला असता. सगळं गाव उभं, हातात काठी नाही, तोंडात शिवी नाही, आणि कुणी प्यालेलं नाही. अशा लोकांचं काय करायचं हे त्या मालकाला कुणी शिकवलेलं नव्हतं. हजारो एकर जमीन अशी परत आली. बंदुकीने नाही आली.

बायांचं तर वेगळंच. शिबिरं झाली, बाया बोलायला लागल्या आणि त्यांनी आधी नाव घेतलं ते दारूचं. गावोगाव फिरून त्यांनी दारूचे गुत्ते बंद पाडले, मडकी फोडली. पिऊन मारणाऱ्या नवऱ्यांना चार जणींत उभं करून जाब विचारला, काहींना प्रसादही दिला म्हणतात. ही अहिंसा का, असं आमच्यातल्या एकाने हसत विचारलं. आमचं मत असं की मडकं फुटलं तर मडकंच फुटतं, माणूस नाही फुटत. नवऱ्यांच्या प्रसादाबद्दल मात्र खोलीत एकमत झालेलं नाही. आमच्या खोलीत बाया नाहीत, असत्या तर झालं असतं.

1972 च्या दुष्काळातच श्रमिक संघटना उभी राहिली, सालदारांच्या आणि मजुरांच्या मजुरीसाठी संप झाले. महाराज 1974 साली गेले, फार वय झालेलं नसताना.

आता दुसरी बाजू. ज्याचा विरोध होता तो साथी हुशार आहे, त्याने आमच्यासमोर मुळशी ठेवली.

सांगवी दोन नद्यांच्या मध्ये आहे. एकीकडून पवना येते, एकीकडून मुळा, आणि पुढं दापोडीपाशी दोघी मिळतात. ही मुळा मुळशीहून येते. तिथं 1921 साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट पुढं होते. रामनवमीला बायापोरांसकट लोक धरणाच्या कामावर जाऊन बसले. मार खाल्ला, जेलात गेले. तीन वर्षं लढले आणि हरले. धरण झालं. आजही मुळशीचं पाणी घाटावरून खाली कोकणात सोडून वीज करतात. साथी म्हणाला, "हे घ्या तुमच्या सत्याग्रहाचं फळ."

खरं आहे, हरले. हे आम्ही लपवत नाही. पण कसे हरले ते पाहा. कसणारे मावळे एकीकडे होते आणि जमिनींवर कर्ज देऊन बसलेले पुण्याचे सावकार दुसरीकडे. त्यांना धरण नको होतं असं नाही, त्यांना भाव चांगला हवा होता. भाव मिळाला, ते बाजूला झाले. शेवटी खुद्द सेनापतींनी 1924 साली अहिंसा बाजूला ठेवली, हत्यार घेऊन कंपनीची रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षं तुरुंगात गेले. माणूस मोठा, धाडस मोठं, आमचा त्यांना नमस्कार. पण धरण त्यानेही थांबलं नाही. मुळशीत शांततेने हरले तसे हत्यारानेही हरले, कारण जमिनीचा कागद आधीच आपल्या हातातून गेलेला होता. शहाद्याला पहिला हात कागदाला घातला होता.

आणि पवना. तिचं पाणी इथं आमच्या नळाला येतं, ते पिऊनच हे लिहितोय. 9 ऑगस्ट 2011 ला, म्हणजे आपल्या आदिवासी दिनालाच, मावळातले शेतकरी बंद पाईपलाईनच्या विरोधात बऊरजवळ एक्स्प्रेस हायवेवर उतरले होते. पाणी थेट पाईपाने पिंपरी-चिंचवडला नेलं तर नदीकाठची शेती सुकेल, एवढंच त्यांचं म्हणणं. गोळीबार झाला. तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई. त्या संध्याकाळी आम्ही आदिवासी दिनाच्या कार्यक्रमाहून परत येत होतो, पिवळे फेटे बांधलेले, आणि बातमी कळली. रात्री तांब्यात पाणी भरताना कुणाचा हात पुढे होईना. आमच्यापैकी काहींचं त्या दिवसापासूनच अहिंसा या शब्दावरून मन उडालंय. दगड आधी की गोळी आधी, यावर तेव्हा चौकशी आणि वाद चालू होता. तीन माणसं गेली यावर वाद नाही. पुढे योजनेला स्थगिती मिळाली, ती लोकांनी हायवेवर दगड मारले म्हणून नाही, सगळं मावळ एक झालं म्हणून, असं आम्हाला वाटतं. चुकत असू तर मावळच्या साथींनी लिहून कळवावं, छापू.

दगडाचं एक गणित मात्र आम्हाला पक्कं माहीत आहे. आपल्याच एका गावात दोन पावसाळ्यांमागे नाचणीचं उभं रान उपटलं, आणि एका पोराने दगड मारला. गावाचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे. 353 कलम लागलं, सरकारी कामात अडथळा आणि मारहाण. नाचणी कुणी उपटली हा प्रश्न त्या दिवसापासून संपला. आता प्रश्न एकच, दगड कुणी मारला. पोरगा दर तारखेला रजा टाकून जातो. कंपनीत कायम होणार होता, पोलिसांचा दाखला मागितला आणि बसला घरी. वकिलाचे पैसे त्याच्या आईने हिरडा विकून भरले. दगड एका क्षणात मारून झाला, आणि ती बाई गेली दोन वर्षं तो उचलतेय.

30 जानेवारीची आणखी एक गोष्ट सांगतो, ती परदेशातली आहे पण ऐका. अमेरिकेत माँटगोमेरी नावाचं शहर आहे. तिथं काळ्या लोकांना बसमध्ये मागे बसावं लागायचं आणि गोरा आला की उठावं लागायचं. 1955 च्या डिसेंबरात रोझा पार्क्स नावाची एक शिवणकाम करणारी बाई उठली नाही. तिला अटक झाली. मग तिथल्या काळ्या लोकांनी ठरवलं, बसमध्ये बसायचंच नाही. त्यांचा पुढारी झाला मार्टिन ल्यूथर किंग, चर्चमधला धर्मगुरू, वय अवघं सव्वीस. म्हणजे आमच्यातल्या थोरल्याएवढं. लोक कामावर चालत गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. एक दिवस नाही, 381 दिवस. म्हाताऱ्या मोलकरणी थंडीत चालल्या. 30 जानेवारी 1956 च्या रात्री किंग सभेत असताना त्याच्या घरावर बॉम्ब टाकला. आत बायको आणि तान्ही मुलगी होती. दोघी वाचल्या. तो धावत घरी आला तर अंगणात त्याचेच लोक जमलेले, काहींच्या हातात हत्यारं, पोलिसांवर तुटून पडायच्या बेतात. त्याने ओसरीवर उभं राहून सगळ्यांना हत्यारं घेऊन घरी जायला सांगितलं. आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला लागले. वर्षअखेर वरच्या कोर्टाचा निकाल लागला आणि बसमध्ये कुठेही बसायचा हक्क मिळाला. हा किंग पुढे 1959 ला गांधींचा देश पाहायला म्हणून आपल्याकडे येऊनही गेला होता.

घरावर बॉम्ब पडलेल्या माणसाला पोट भरलेला कोण म्हणेल? आमच्या खोलीत हे वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. या वेळी कुणाला रात्रपाळीही नव्हती.

आता आपल्या दाराशी येऊ. महाराजांनी आपल्याला काय ठेवलं असं कुणी विचारलं तर आम्ही तसबीर दाखवणार नाही, कायदा दाखवू. शहाद्यासारखे आणि ठाण्यासारखे लढे पेटले म्हणून सरकारला कायदे करावे लागले. जमीन महसूल कायद्यात 36-अ कलम आलं. 6 जुलै 1974 पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, गहाण किंवा भाड्याने देता येत नाही, कलेक्टरच्या आधीच्या परवानगीशिवाय. विक्रीसारख्या व्यवहाराला तर कलेक्टरला वर सरकारकडूनही मंजुरी आणावी लागते. परवानगी न घेता झालेल्या व्यवहाराची कलेक्टर स्वतःहूनही चौकशी करू शकतो आणि जमीन परत देऊ शकतो. शिवाय 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदा झाला. महाराज गेले त्याच वर्षातली ही तारीख. त्यांनी हा कायदा लागू झालेला पाहिला नाही. आपण पाहतोय आणि आपणच तो विकतोय.

हो, आपणच. चाकणला कंपन्या आल्या, खेड-मावळला जमिनीला भाव आला आणि एजंट मोटारसायकलवरून पार डोंगरापर्यंत पोचले. कायद्याने खरेदीखत होत नाही हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून ते खरेदीखत करतच नाहीत. साठेखत करतात, विसारपावती करतात, कुलमुखत्यारपत्रावर सही घेतात आणि म्हणतात, "नावावर नंतर करू, तुमचं नाव कुठं जातंय?" कधी दुसऱ्याच आदिवासीच्या नावाने घेतात आणि तो बिचारा तालुक्याला चहा पिऊन सही करून येतो. सातबाऱ्यावर नाव आपलं, आणि रानाभोवती तार दुसऱ्याची.

ज्या साथीने तसबिरीला विरोध केला, त्याच्याच चुलत्याच्या रानाला अशी तार लागली आहे. हे त्याने भांडणाच्या दिवशी सांगितलं नव्हतं, आठ दिवसांनी सांगितलं. चुलत्याने पोरीच्या लग्नाला पैसे घेतले, तीन कागदांवर अंगठे दिले, कुठले कागद ते त्याला आजही सांगता येत नाही. घरात कुणाला बोलला नाही. पावसाळा संपला आणि एके दिवशी सिमेंटचे खांब उभे राहिले. हिरड्याची चार झाडं तारेच्या आत गेली, ती त्याच्या आजाने राखलेली. आमचा साथी दिवाळीला गावी गेला तेव्हा रात्री रॉकेल घेऊन निघाला होता. आईने दारात आडवी बसून थांबवलं. म्हणून त्याला भजन म्हणणाऱ्याची तसबीर नको होती. आम्हाला हे कळल्यावर आमची भाषणं जरा कमी झाली.

तार जाळली असती तर काय झालं असतं ते त्यालाही माहीत आहे. तारेचा मालक फिर्यादी झाला असता आणि आपला साथी आरोपी. आज सातबाऱ्यावर चुलत्याचंच नाव आहे, कलेक्टरची परवानगी कुणी घेतलेली नाही आणि कायदा सगळा आपल्या बाजूने उभा आहे. फक्त चुलत्याने तोंड उघडलं पाहिजे. तो लाजेने उघडत नव्हता. पैसे खाल्लेत, आता कुठल्या तोंडाने बोलू, म्हणायचा. शहाद्याच्या माणसांनीही कधीतरी पायलीभर धान्य खाल्लेलंच होतं. त्यांनीही कागदावर अंगठा दिला होता, आणि तरीही त्यांनी मागणी केली. पैसे घेतले म्हणून बेकायदा व्यवहार कायदेशीर होत नाही. पैशांचं काय करायचं ते कलेक्टर ठरवेल, एजंट नाही. चुलत्याने आता अर्जावर अंगठा दिलाय, या वेळी अर्ज दोनदा वाचून घेतला आणि मगच. गेल्या आठवड्यात अर्ज देऊन पोच घेतली. पोच जपून ठेवली आहे.

त्याच्यासारखे किती घरांत लाजेने गप्प बसलेत ते आम्हाला माहीत नाही, पण प्रत्येक गावात असणार. त्यांच्यावर हसू नका. पुढाऱ्यांवर हसा, पाहिजे तर आमच्यावर हसा.

वनजमिनीचंही तसंच. 2006 चा वनहक्क कायदा आपल्या हातात आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो कसतोय त्याचा हक्क चार हेक्टरपर्यंत मान्य होतो, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. तरी दावे का अडतात? पुरावा नाही म्हणतात. पुरावा म्हणजे फक्त दंडाची पावती नव्हे. गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो. बांध, विहीर, जुनं घर, थडगी, देवाची जागा, हेही पुरावेच आहेत. दोन पुरावे लागतात. आणि पट्टा नवराबायको दोघांच्या नावाने व्हायला पाहिजे, हे आम्ही मुद्दाम लिहितोय, कारण परवा एका गावात दाव्यांचे फॉर्म पाहिले तर त्यातून बाया गायब होत्या. शहाद्याच्या बाया असत्या तर त्यांनी फॉर्म लिहिणाऱ्याला मडक्याच्या जागी उभा केला असता.

26 जानेवारीला सगळीकडे ग्रामसभा आहे. झेंडावंदन करून जिलबी खाऊन उठू नका. आपले दावे कुठं अडकलेत, उपविभागाकडे गेले का, परत आले तर काय शेरा मारला, हे सभेत विचारा आणि उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्या. लिहीत नसतील तर लिहीपर्यंत बसा. नुसतं बसायचं.

कार्यक्रमाचं असं ठरलंय. तीस तारखेला सोमवार येतो, कंपनीवाल्यांना सुट्टी नाही, म्हणून रविवारी 29 ला करतोय. डीजे नाही, भाषणं दोनच. वर्गणीतून मांडव घालायचा होता, तो रद्द केला. ते पैसे फेरफाराच्या नकला काढायला ठेवलेत. ज्यांना आपल्या गटाचे जुने फेरफार पाहिजेत त्यांनी गट नंबर लिहून आणावा, तालुक्याहून काढून देऊ.

सकाळी सगळे मिळून साथीच्या चुलत्याच्या रानाकडे चालत जायचं आहे. रस्ता तीनेक किलोमीटर, चढ आहे. तारेपासून दहा पावलांवर थांबायचं. चुलता सातबारा मोठ्याने वाचून दाखवणार आहे, म्हणजे त्याची नात वाचेल आणि तो शेजारी उभा राहील. तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला आधीच लेखी कळवलंय. तारेला कुणी हात लावायचा नाही, खांबाला टेकायचंही नाही. मालकाची माणसं आली आणि काही बोलली तर उत्तर एकानेच द्यायचं, ते कोण हे आदल्या रात्री ठरेल. पिऊन आलेल्याला वाटेतूनच परत पाठवू, तो कुणाचाही मामा असो.

तसबीर अजून भिंतीवर नाही, खाटेखाली कागदात गुंडाळून ठेवलेली आहे. विरोध करणारा साथीच म्हणाला, ती आधी रानापर्यंत बरोबर नेऊ, मग खिळा कुठं मारायचा ते बघू. उचलून न्यायची जबाबदारी त्यानेच घेतली आहे.

येताना पिशवीत सातबारा, आठ-अ, जातीचा दाखला, वनहक्काच्या दाव्याची पोच असेल तर ती, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन या. दुपारी नाचणीची भाकरी आणि वालाचं कालवण आहे. ज्या पोरांना तारेला हात लावल्याशिवाय राहवणार नाही असं वाटतं त्यांनी रानाकडे नाही आलं तरी चालेल, चुलीपाशी माणसं कमीच आहेत.